मोज्यातल्या बांगड्या

नवऱ्याला हार्ट अटॅक आल्यानंतर मी त्याच्याकडे जेवढं बघितलं तेवढं लग्नाआधीही बघितलं नव्हतं. तेव्हा तर आम्ही एकाच ऑफिसात होतो आणि बघायला भरपूर वाव होता. आमचं ‘अरे-तुरे’ही तिथलंच. सासूबाईंनी पुष्कळ नाकं मुरडली, पण ते काही बदललं नाही.

अटॅक मोठा नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मोठा की छोटा ते त्यांच्या हिशेबात. मी बोरीवलीच्या त्या हॉस्पिटलात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, तेव्हा माझ्या हिशेबात तो मोठाच होता. स्टेंट टाकला आणि थोड्या दिवसांनी त्याला घरी सोडलं. त्याच दुपारी गावाहून सासूबाईंचा फोन आला. नव्वदीला टेकल्या आहेत, पण आवाज खणखणीत.

“तो घराक इलो मां? मगे हात भरून घे गो,” एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी काही देवभोळी बाई नाही. नोकरीत असताना एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात सोन्याची एक बांगडी, संपलं. पण त्या संध्याकाळी स्टेशनजवळच्या बांगडीवाल्याकडे गेले आणि दोन्ही हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरून घेतले. त्याने माझा पंजा दाबून दाबून अगदी घट्ट मापाच्या चढवल्या. साबण लावल्याशिवाय निघायच्या नाहीत, म्हणाला. मला त्या काढायच्याच नव्हत्या. नवरा जिवंत घरी आला होता आणि ते मला माझ्या हातावर दिसायला हवं होतं. ज्याला अंधश्रद्धा म्हणायचं त्याने म्हणावं.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आम्ही राहतो बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कला लागून. आमच्या सोसायटीच्या भिंतीवर अधूनमधून बिबळ्या येऊन बसतो, सीसीटीव्हीत दिसतो, आणि मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ. नवरा तरुणपणापासून पक्षीवेडा. पार्कात तो पुढे, गळ्यात दुर्बीण, आणि मी चार पावलं मागे. मागे अशासाठी की मागून सगळं दिसतं. खांदे किती वर-खाली होतायत, पाय ओढतोय का, हात छातीकडे जातोय का. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी माझ्या कमरेच्या बटव्यात. डोळ्यांत तेल घालून चालायचं आणि हात हलले की बांगड्या वाजायच्या. तो वैतागायचा.

“अगं, तू मागे असलीस की पाखरं काय, बिबळ्यासुद्धा रस्ता सोडून जात असेल.”

“जाऊ दे की. बरंच आहे.”

“एक हरियाल तरी सुखाने बघू दे ना.”

“तू बघ हरियाल. मी तुला बघतेय.”

आमची मुलगी ग्लासगोला असते. बाबा रिटायर झाला म्हणून तिने स्कॉटलंडच्या एका बेटावर आमच्यासाठी चार दिवसांची पायी भटकंती बुक करून ठेवली होती, बरोबर गाइड, आणि दिवसभर चालत प्राणी-पक्षी बघायचे. हे सगळं अटॅकच्या आधीचं. नंतर मी म्हटलं, रद्द कर. ती ऐकेना. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, खुशाल जा, चढावर दम लागला की थांबा. मी म्हटलं, डॉक्टर, तिकडे हॉस्पिटल नसेल. तर डॉक्टर हसले. मला त्यांचा तेव्हा फार राग आला.

“आई, तुला बाबाला कपाटात घडी करून ठेवायचंय का?” मुलीने फोनवर विचारलं.

खरं सांगायचं तर हो, मला तसंच ठेवायचं होतं. पण ते बोलून दाखवता येत नाही. म्हणून मी बॅग भरली. शेजारच्या गुजराती बेनने थेपले दिले, मी औषधं दोन ठिकाणी वाटून ठेवली, लोकरीच्या मोज्यांच्या जादा जोड्या घेतल्या आणि आम्ही गेलो. मुलीला रजा मिळाली नाही. तिने आम्हाला बोटीत बसवून दिलं आणि ती धक्क्यावरून हात हलवत राहिली.

बेटावर पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वारा. दुसरी, माणसं नाहीत. बोरीवलीत एका लिफ्टमध्ये मावतात तेवढी माणसंही त्या अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती. डोंगर होते, पण झाडं नाहीत. नुसतं गवत, जांभळी झुडपं आणि मऊ, काळी, ओली जमीन. तिच्यात बूट घोट्यापर्यंत आत जायचा आणि चपकन आवाज करून वर यायचा. ऐन उन्हाळा चालू होता म्हणे. मी स्वेटर, त्यावर गुडघ्यापर्यंतचा रेनकोट आणि डोक्याला माकडटोपी अशी उन्हाळ्यात फिरत होते.

गाइड एक उंच बाई होती, पन्नाशीची, काठीच्या टोकाने सगळं दाखवणारी. आमच्याखेरीज एक वयस्कर इंग्रज जोडपं आणि दोन मैत्रिणी, एवढाच जथा. पहिल्या दिवशी हरणं दिसली, खडकांवर आडवे पडलेले सील दिसले, आणि दुपारी एक प्रचंड गरुड अगदी डोक्यावरून गेला. पाचही जणांच्या दुर्बिणी आभाळाकडे. गाइडने मलाही एक दुर्बीण दिली होती. ती मी नवऱ्यावर लावली होती, कारण तो बराच पुढे होता आणि त्याचे ओठ निळसर पडलेत का ते साध्या डोळ्यांनी दिसत नव्हतं.

नवऱ्याला गरुडापेक्षाही ऊद बघायचा होता, म्हणजे पाणमांजर. लहानपणी गावच्या खाडीत त्याने ऊद बघितले होते, मुंबईला आल्यापासून एकही नाही. दुसऱ्या दिवशी गाइडने एका खडकावर उदाची विष्ठा दाखवली आणि सगळ्यांना वाकून वास घ्यायला लावला. ते इंग्रज जोडपं काहीतरी फुलाबिलाचं नाव घेत होतं.

“काय वास आहे?” नवऱ्याने मला विचारलं.

“आपल्या सुकटीच्या डब्याचा,” मी म्हटलं.

तो एवढा हसला की त्याला खोकला आला, आणि माझा हात लगेच बटव्याकडे गेला. त्याने ते बघितलं. त्याचं हसू मावळलं आणि तो पुढे चालू लागला. मला वाईट वाटलं, पण डबी मी हातातच धरून ठेवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही समुद्राच्या कडेने एका उतरत्या पायवाटेवर होतो. वाट एकेरी, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बरंच खाली खडक आणि पाणी. नवरा सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या शेवटी. मध्येच गाइडने सगळ्यांना थांबवलं आणि ती मागे माझ्यापाशी आली. पुढचे सगळे दुर्बिणी लावून समुद्राकडे बघत उभे होते. तिने माझ्या हातांकडे बोट दाखवलं, कानाला हात लावला, आणि फार अवघडून विचारलं की हे काढता येईल का, इथून पुढे उदांचा भाग आहे आणि काचेचा आवाज त्यांना लांबून ऐकू जातो.

मी मान हलवली. नाही. निघत नाहीत, असं मी करून दाखवलं. ते खरं होतं. निघाल्या असत्या तरी मी काढल्या नसत्या, हेही तितकंच खरं, पण ते सांगण्याइतकं माझं इंग्रजी नव्हतं आणि ते समजण्याइतकी ती बोरीवलीची नव्हती. तिचा चेहरा पडला. मग मला सुचलं. मी पिशवीतून नवऱ्याचे जादा मोजे काढले आणि एकेक मोजा हातावरून कोपरापर्यंत ओढून घेतला, बांगड्यांसकट. वर रेनकोटाची बाही. हात हलवून दाखवला, जरासुद्धा आवाज नाही. गाइडला हसू आवरेना. तिने माझा खांदा दाबला आणि पुन्हा पुढे गेली. नवऱ्याने यातलं काही बघितलं नाही.

आम्ही निघालो. वाट एका टेकाडाला वळसा घालून खालच्या छोट्या खाडीत उतरत होती. मी वळणाच्या अलीकडे होते आणि खाली पाण्यात काहीतरी हललं. मी बघितलं. काळंभोर, ओलं डोकं वर आलं, मग लांबलचक अंग, आणि एक ऊद खडकावर चढला. त्याच्या तोंडात खेकडा होता. आमच्या सोसायटीच्या गेटापासून लिफ्ट जेवढी लांब, तेवढाच तो माझ्यापासून लांब असेल. तो बसला, पुढच्या दोन्ही पायांत खेकडा धरला आणि कडाकडा चावू लागला. तो आवाज मला ऐकू येत होता! कुर्लीचा डेंगा, तिची जाड नांगी, आमच्या घरी अशीच फुटते.

मी जागच्या जागी उभी राहिले. हाक मारावी, सगळ्यांना बोलवावं, असं डोक्यातही आलं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. त्याच्या मिशांवरून पाणी गळत होतं. त्याने एकदा मान वर करून माझ्या दिशेने वास घेतला आणि पुन्हा खाऊ लागला. मला एकदम मोकळं वाटलं. का, ते लगेच कळलं नाही. मग कळलं की त्या सगळ्या वेळात मी नवऱ्याचा विचार केला नव्हता. अटॅकनंतर पहिल्यांदाच.

आणि मग मी मान वर केली. वाटेवर कुणीच नव्हतं. सगळे वळण घेऊन खाली उतरले होते. तो उतरताना मी मागे नव्हते.

मी घाईघाईने वळणापर्यंत गेले आणि बघते तर नवरा. खालच्या खाडीतून सरळ चढ चढत, पायवाट सोडून, गवतातून, हातांनी झुडपं पकडत तो धावत वर येत होता. धावत! टोपी कुठेतरी पडली होती, चेहरा लालबुंद. त्याच्या मागे गाइड, ती काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, झालं, दुसरा अटॅक आलाच, ते दुखणं घेऊन माझ्याकडे येतोय. मी बटवा उघडायला गेले तर मोज्यातली बोटं चेनवर बसेनात.

तो माझ्यासमोर येऊन थांबला. गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकू लागला.

“काय होतंय? छातीत दुखतंय? बस, आधी खाली बस,” मी ओरडले.

“कुठे होतीस?” तो म्हणाला.

“अरे, मी इथेच...”

“आवाज बंद झाला तुझा.” त्याला श्वास पुरत नव्हता. “मला वाटलं, येतेय मागून. खाली उतरलो आणि लक्षात आलं, बांगड्याच वाजत नाहीयेत. वळून बघितलं तर तू नाहीस. खाली ते खडक. वाट लागली माझी.”

मी बाही वर करून मोजा दाखवला. तो त्याच्याकडे बघतच राहिला.

“हे माझे मोजे आहेत.”

“हो.”

“पार्कातसुद्धा मी कधी मागे वळून बघतो का? नाही ना? आवाज येत असतो, म्हणून बघत नाही,” तो म्हणाला. “एवढंसुद्धा कळत नाही तुला?”

मला कळलं नव्हतं. मला वाटत होतं, राखण मी एकटीच करते. मी त्याचं मनगट धरलं, नाडीवर बोट ठेवलं. ती जोरात चालली होती, पण एकसारखी. बघता बघता ती हळू झाली. त्याचे ओठ गुलाबी होते, दम बसला होता, आणि मी त्याच्या मागचा तो चढ बघितला. जिथे थांबत थांबत जा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसल्या चढाच्या दुप्पट होता तो. आमच्या पार्कातली साधी चढणसुद्धा मी त्याला दोनदा बसवून चढवायचे. आणि हा माणूस हे सगळं पळत चढून माझ्यावर खेकसत उभा होता. माझा जीव भांड्यात पडला तो तिथे, हॉस्पिटलातून घरी सोडलं तेव्हा नाही. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, माकडटोपीने नाक पुसत. गाइड जरा लांब उभी राहून समुद्राकडे बघत होती.

“ऊद दिसला,” थोड्या वेळाने मी म्हटलं.

“कोणाला?”

“मला. खेकडा खात होता.”

“आणि मला हाक नाही मारलीस?”

आम्ही वळणाच्या अलीकडे परत जाऊन दुर्बिणीतून खाली बघितलं. खडकावर खेकड्याचं कवच होतं आणि ओले ठसे. त्या चार दिवसांत त्याला ऊद काही दिसला नाही. बायकोच्या बांगड्यांमुळे दिसला नाही, असं तो आता सोसायटीत सगळ्यांना सांगतो. मी कुणाचा गैरसमज दूर करत नाही.

त्या चढावर त्याने माझ्या हातांवरचे मोजे स्वतः ओढून काढले, एक बांगडी तिरकी झाली होती ती सरळ केली आणि मोजे खिशात टाकले. मी बटव्यातून गोळ्यांची डबी काढली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली. “ही तूच ठेव,” म्हटलं. त्याने वरून खिसा चाचपला आणि गाइडला हाताने खूण केली की चला.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी आम्ही पार्कात गेलो. तो पुढे, मी मागे, पण चार पावलं नाही, बरीच मागे, आणि माझ्या गळ्यात त्याची जुनी दुर्बीण. एका उंबराखाली मला पानांत काहीतरी हिरवं हललेलं दिसलं. मी थांबले. तो वळणापलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. मी हात वर करून एकदा चांगला खळखळून हलवला.

“ऐकलं गं,” वळणापलीकडून आवाज आला.

मग मी दुर्बीण डोळ्यांना लावली. हरियालच होता.