हापशीला बांधलेला संगणक

दुरुस्तीच्या दुकानात यंत्रांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. यंत्र सुधारलं की मालक घेऊन जातो. किस्सा न्यायला कुणी येत नाही. पुढचे प्रसंग मी २००१ च्या मे महिन्यात, एम.एस्सी.च्या प्रबंधाची छपाई चालू असताना, सलग चार दुपारी विलासभाऊंकडून ऐकले. विलासभाऊ वर्ध्यात संगणक दुरुस्त करतात. त्याआधी टीव्ही दुरुस्त करत. प्रसंग सगळे आर्वी तालुक्यातल्या एकाच विद्यालयातले. नाव मुद्दाम देत नाही.

तिथे नंदा मॅडम तासिका तत्त्वावर संगणक शिकवत. तपासणी होऊन विषयाला मान्यता मिळाली, तर त्या कायम होणार होत्या. नाही तर घरी बसणार होत्या. विद्यालयात संगणक एकच, आणि त्याच्या खोलीची किल्ली मोठ्या सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, खिशात. मॅडमना संगणक येत होता, पण किल्ली मिळत नव्हती. सरांना फक्त किल्ली फिरवता येत होती. त्यामुळे मॅडम खडूने फळ्यावर कीबोर्ड काढून शिकवत!

* * *

पहिलं बोलावणं कीबोर्डसाठी. दाबलेलं बटण वर येईना. विलासभाऊंनी कीबोर्ड उलटा केला, तर आतून पांढरट पाणी गळालं. वास ओळखीचा होता.

"सर, याच्यात फिनाईल काऊन टाकलं?"

"पेपरात व्हायरसची बातमी होती. आम्ही आधीच बंदोबस्त केला!"

"मंग डीडीटी बी मारून घ्या ना सर. मलेरियाची बी चिंता नाई!"

सरांनी हे गंभीरपणे वहीत टिपून घेतलं. ते पान मॅडमनी गुपचूप फाडलं, म्हणून संगणक वाचला.

* * *

दुसरी तक्रार: "संगणक करंट मारते." त्याचं कारण उघड होतं. त्या खोलीत चप्पल-बूट बाहेर काढण्याचा सरांचा सक्त नियम होता, आणि अर्थिंगचा पत्ता नव्हता. "अर्थिंग करून घ्या," एवढं सांगून विलासभाऊ परतले.

वायरमनला वेळ नव्हता, म्हणून सरांनी स्वतःच शोध लावला. जमिनीत सर्वांत खोल गेलेली वस्तू कोणती? अंगणातली हापशी! खिडकीतून तार काढून ती हापशीच्या दांड्याला बांधण्यात आली. संगणकाचा करंट कमी झाला. पाणी भरणाऱ्या मुलींच्या हाताला मात्र झिणझिण्या यायला लागल्या.

मॅडमनी घाबरून विलासभाऊंना फोन केला. ते येईपर्यंत सूचना फलकावर आदेश लागला होता: 'विद्यार्थिनींनी हापशीवर चप्पल घालूनच जावे.'

विलासभाऊंनी आधी ती तार तोडली, मग फलक वाचला.

"सर, सारा जिल्हा फिरलो मी. मशीनजवळ चप्पल काढाची अन् पाण्याजवळ घालाची, अशी शाळा नाई पाह्यली बाप्पा!"

सरांना ही स्तुती वाटली.

* * *

एप्रिलमध्ये प्रिंटरने कागद खायला सुरुवात केली. दोन्ही कडांना भोकं असलेला तो सलग कागद. एकदा वाकडा गेला की गेलाच.

विलासभाऊ खोलीत शिरले, तर समोर मोठा कूलर. हवा थेट प्रिंटरच्या तोंडावर, आणि हवेबरोबर बारीक तुषार. कागद पोळीसारखा मऊ झाला होता.

"कूलर काऊन लावला, सर?"

"संगणकाला थंडावा लागतो. पुस्तकात लिहिलं आहे."

"पुस्तकात थंडावा म्हणते सर, आंघोळ नाई म्हणत!"

बाहेर व्हरांड्यात ओल्या कागदाच्या घड्या उन्हात पसरलेल्या होत्या, आणि त्यांच्या कडांवर दगड ठेवलेले. विलासभाऊंनी मॅडमना विचारलं, "पापड किती शेर झाले, मॅडम?" मॅडम हसल्या नाहीत. तपासणी दहा दिवसांवर आली होती, आणि त्यांना अजून किल्ली मिळाली नव्हती.

* * *

तपासणीच्या दिवसाची हकीकत विलासभाऊंनी मॅडमकडून ऐकली, आणि मी दोघांकडून.

समितीचे साहेब सकाळी अकराला आले. मोठ्या सरांनी स्वहस्ते कुलूप काढलं, मखमली आवरण काढलं, बटण दाबलं. पडदा उजळला. सरांनी मान ताठ केली, आणि लाईन गेली!

"यूपीएस नाही का तुमच्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"आहे ना! गेल्याच वर्षी घेतला."

"मग संगणक बंद कसा झाला?"

 तेवढ्यात शेजारच्या खोलीतून घरघर ऐकू आली. मोठ्या सरांच्या टेबलावरचा पंखा फिरत होता. यूपीएस त्याला जोडलेला होता!

साहेबांनी फाईल मिटली. मॅडम सांगतात, "मले वाटलं, संपलं आता." पण निघता निघता साहेब वर्गात डोकावले. फळ्यावर खडूचा कीबोर्ड होता. त्यांनी एका मुलीला उभं केलं आणि एकेक बटण विचारलं. तिने सगळी बटणं डोळे मिटून सांगितली. फाईल कशी साठवायची, छपाई कशी द्यायची, तेही न अडखळता.

"हात लावला आहेस का कधी संगणकाला?"

"नाई जी."

साहेबांनी मोठ्या सरांकडे पाहिलं. मग मुलीला शेवटचा प्रश्न केला, "आणि संगणक बंदच पडला, तर सर्वांत आधी काय करायचं?"

मुलगी क्षणभरही थांबली नाही.

"मोठ्या सरायले बाहेर काढाचं, अन् विलासभाऊले फोन लावाचा!"

मान्यतेचं पत्र मी स्वतः पाहिलं आहे. मॅडम कायम झाल्या, हेही खरं. मुलीच्या उत्तराला मॅडमनीही शब्दशः दुजोरा दिला. मात्र त्यानंतर साहेबांनी खिशातून डायरी काढून, "नंबर सांग बाई, आमच्या ऑफिसातला संगणकही चार महिने बंद आहे," असं म्हटलं, हे एकटे विलासभाऊच सांगतात. याची खात्री मला कधीच करता आली नाही. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी तेव्हा फळा पुसत होते."