बॅटरीची म्हैस

बाकीचे भाजीवाले वरडते, ताजी घ्या, कवळी घ्या. आमच्या मूल गावातली भाजीबाई गल्लीत सायकल थांबवे आन आवाज दे, "वांगे किडके हायेत वं! भेंडी कालची हाय! घेनार असान तं या, नाईतं मी चालली!" आन बाया हातातलं काम टाकून धावत येत. मी एकदा इचारलं, "बाई, आपल्याच मालाले कोनी असं नाव ठेवते का?" तं म्हने, "अबे पंचर, मी नाई सांगितलं तं घरी जाऊन कापतील, किडा दिसन, आन किड्यापेक्षा जास्त शिव्या मलेच देतील."

पंचर म्हनजे मी. माझं सायकलचं दुकान हाय. शाळेत मी बी जात होतो, पन सुट्टीच्या दिवशी, चिंचा पाडाले. त्याच्यामुळं जे काय येते ते पाहून येते, आन जे येत नाई ते बी मी करूनच पाहतो.

बाईची सायकल मीच बनवली. तिले समोर मोठा डबा पाह्यजे होता, भाजीचे टोपले एका लायनीत बसले पाह्यजे असा. दोन जुन्या सायकली घेतल्या, एक लोखंडी पलंग कापला, जोडला, काळा रंग मारला. भलती मजबूत झाली. मग समजलं का ते दुकानाच्या दारातून बाहेर निघत नाई. माझी बायको म्हने, "सायकल कापा." बाई म्हने, "दार काढ." दार काढलं. मंग ते मीच परत बसवलं, म्हनून आता ते लावलं तरी खालून मांजर येते. बाईनं सायकलीच्या भोवती एक चक्कर मारला आन म्हने, "काळी हाय, रुंद हाय, रस्त्यात आडवी उभी राह्यते. हे तं म्हैस हाय." तेव्हापासून सारं गाव तिले म्हैसच म्हने.

म्हशीवर बाई रोज नहराच्या, म्हनजे कालव्याच्या, पल्याडच्या गावाले जाय. तिचं खरं गिऱ्हाईक तिथंच. मधात नहराची पाळ, मातीचा उंच बांध, चांगली उभी. सायकल भरली असली का बाई उभ्यानं पायडल मारे आन पाळीशी बोलत जाय, "चढू दे वं माय, उतरतानी तुले काई मांगत नाई." पुढं पुढं तिचा डावा गुडघा दुखाले लागला. ते उतरून म्हैस ढकले, अर्ध्या पाळीवर दम खाय. कोनी पाह्यलं तं म्हने, "हवा खाऊन राह्यली."

तिचा पोरगा नागपूरले नोकरीवर. चांगला पोरगा, मायवर लय जीव. त्यानं फोनवर म्हनलं, "माय, आता पुरे. माझ्यासंग चाल." बाई म्हने, "तिथी बसून मी काय करू, भिंती मोजू?" दोघं बी एकाच मातीचे. शेवटी पोरानं सौदा केला. "दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले येतो. माझ्यासमोर भरली म्हैस घेऊन पाळ चढून दाखवजो, उतराचं नाई, ढकलाचं नाई. चढली तं मी तोंड उघडनार नाई. नाई चढली तं त्याच दिवशी सामान बांधाचं." बाई हाव म्हनून बसली. आन जबान दिली का ते फिरवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हने, "पंचर, म्हशीले बॅटरी लाव."

मी कधी लावली होती? पन तोंडातून हाव निघून गेलं. चाकातली मोटर, बॅटरी, वायरी असा डबा नागपूरवरून बलावला. त्याच्यात चित्रायचा कागद होता. चित्राले काय शाळा लागते का, म्हनलं, आन बसलो. एक चकती पायडलपाशी लावाची होती. पायडल फिरलं का ते मोटरले सांगते, चाल. सारं झाल्यावर बाई बसली, पायडल मारलं. काईच नाई. अजून मारलं. काईच नाई. बाई वैतागली आन पाय मागं फिरवले, तशी म्हैस सुटली ते सरळ समोरच्या चहाच्या टपरीत! दोन बाकडे आडवे, चहावाला त्या बाकड्यायवर, बाई सांबाराच्या म्हनजे कोथिंबिरीच्या जुडीसकट खाली. मी धावत गेलो. म्हनलं, "लागलं का बाई?" म्हने, "लागलं ते जाऊ दे. हे उलटं पायडल मारून पुढं जाते, तं उभी राह्याची असली का मी काय नाचू?" चहावाल्यानं तो कागद माझ्या हातातून घेतला, सुलटा केला आन परत देला.

चकती पलटवली. म्हैस अशी गरीब झाली का पायडलले नुसता पाय लावा, आपोआप चाले. बाई गावातल्या बुद्ध विहारापर्यंत एक चक्कर मारून आली, लहान पोरीसारखी हासत. म्हने, "मागून कोनी पाठीवर हात ठेवून ढकलते असं वाटते रे." आता नुसती बॅटरी कुठी ठेवाची ते राह्यलं होतं. ऊन लागू नये, चोराले दिसू नये, म्हनून मी ते डब्याच्या तळाशी ठेवली, भाजीच्या टोपल्यायखाली. मनात म्हनलं, वा रे पंचर, काय डोकं हाय तुझं.

मंडईचा दिवस आला. दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. लेकी, जवाई, पाव्हने सारे येते आन घराघरात भाजी कमी पडते. बाईनं म्हैस काठोकाठ भरली. पोरगा नवीन पँट घालून मागं पायी. त्याच्या मागं मी. बाई दर थोड्या वेळानं थांबे, पालेभाजी सुकू नये म्हनून बाटलीतलं पानी शिंपडे आन पुढं निघे. पाळ आली. बाई बसल्या बसल्या चढाले लागली, गानं म्हनत. पोरानं माझ्याकडं पाह्यलं. मी शर्टाची कॉलर वर केली.

अर्ध्या पाळीवर म्हैस मेली.

मोटर बंद, चाकापाशी वायर पाह्यतो तं सारं ठीक. बाई सीटवरच, एक पाय जमिनीवर, दोन्ही बिरेक दाबून. पोरगा पुढं झाला. "उतर माय. झालं आता." त्याचा आवाज जिंकल्याचा नव्हता, उलट रडवेला होता. बाई म्हने, "हात लावू नको. मी उतरली का? ढकलली का?" आन तशीच सीटवर बसून तिनं आवाज देला, "पालक पिवळा हाय वं! मुळे वाकडे हायेत! इथीच देतो, या!"

पाळीवरून मंडईले जानाऱ्या बायायची रांगच होती. चढावावरच बाजार भरला. वरच्या बाजूनं एकीचा हात, खालच्या बाजूनं दुसरीचा. वजन करता करता मीच दोनदा घसरलो. टोपले रिकामे होत गेले आन तळ दिसला. तळात पानी, पान्यात बॅटरीची वायर.

बाईनं वाकून पाह्यलं. "हे काय ठेवलं तू भाजीखाली?"

"बॅटरी."

"आन मी सकाळपासून वरून पानी मारून राह्यली."

"हाव."

"पंचर," बाई म्हने, "तू आन मी मिळून बी एक शाना मानूस होत नाई."

मी आंगातला शर्ट काढला, पानी पुसलं, वायरीचं तोंड उघडून उन्हात धरलं, फुंकर मारली. मंडईचे पाव्हने माझं उघडं पोट पाहून हासून राह्यले होते. हासा म्हनलं, तिकीट नाई. वायर लावली तं मोटर गुरगुरली.

पोरगा हळूच म्हने, "पन माय, आता तं डबा रिकामा हाय. भरून चढाचं होतं."

खरं होतं. मी मान खाली घातली. बाईनं पोराकडं पाह्यलं आन म्हने, "हाव, बरोबर बोलला. बस डब्यात."

"कोन, मी?"

"तूच. भाजीपेक्षा जडच असशीन."

तो नाई नाई म्हने. बायायनंच त्याले ढकलून बसवलं. नवीन पँट गेली ओल्या डब्यात. बाईनं पायडल मारलं, आन म्हैस चढाले लागली! डब्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला पोरगा, मागं माय, दोन्ही बाजूनं टाळ्या. पाळीच्या माथ्यावर पोहोचली तवा पोरगा इतका हासत होता का त्याच्या डोळ्यातून पानी. तो उतरला, पँट मागून हिरवी, मायच्या पाया पडला. म्हने, "माय, जे करशीन ते कर."

बाईनं मंग काई वर्ष तशीच भाजी इकली. शेवटी नात झाली तवा आपल्याच मनानं नागपूरले निघाली. पोरानं कुठी काई म्हनलं नव्हतं. म्हैस तिनं संगच नेली. टेम्पोत चढवतानी मले म्हने, "पंचर, माझ्याकडून काई देनं राह्यलं का?" मी म्हनलं, "नाई बाई." आन डोळे पुसाले गेलो तं हात ग्रीसचा, सारं तोंड काळं. बाई टेम्पो निघेपर्यंत हासत होती.

आता दुकानासमोर भलती मोकळी जागा दिसते. परवा तिचा फोन आला. फोनात हवाच हवा. वरडून म्हने, "पंचर! इथी एक पूल हाय, आपल्या पाळीच्या दुप्पट! चढली रे मी! आता उतरून राह्यली, पन हा मागचा बिरेक काऊन लागत नाई? तू काय करून देलं होतं?"

तो बिरेक मी टेम्पोत चढवतानी मोकळा केला होता, आन परत आवळाचं राहूनच गेलं होतं. म्हनलं, "बाई, समोरचा दाबा, हळू दाबा..." तिकडून नुसती हवा. मंग तिचं हासनं आलं, लांबून, उतारावरून घरंगळत यावं तसं. मंग हवा थांबली.

"उतरली," बाई म्हने. "थोडा सांबार सांडला."