भाग दुसरा

आमच्या घरी "भाग दुसरा" म्हटलं की तो एकच. एका जुन्या, काळ्या-पांढऱ्या इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग. तळ्यातून राक्षस निघतो. तो रबराचा पोशाख घातलेला माणूस आहे हे शेंबड्या पोरालाही कळावं, पाठीवरची शिवण सरळ दिसते. पहिल्या भागात तो नुसता घाबरवतो आणि बुडतो. दुसऱ्यात तो वर येतो ते आपल्यासारखं आणखी कुणी आहे का, हे शोधायला. सगळ्यांना वाटतं तो एकटाच आहे, आणि शेवटी पाण्यातून दुसरा हात निघतो. त्या हातासाठी बाबा तो सिनेमा अजून पाहतात. पहिला भाग आमच्याकडे पुन्हा कुणी लावला नाही. मी घरातली थोरली, त्यामुळे मला हे जरा लागतं.

तेव्हा बाबा इथे हिंदी मुलखातल्या फॅक्टरीत होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. भाड्याचा व्हीसीआर आणला होता. पहिली कॅसेट संपली आणि बाबांनी दुसरी घालत जोरात सांगितलं, "भाग दुसरा!" माझी धाकटी बहीण दिवसभर गल्लीतल्या पोरांत, हिंदीतच. तिच्या कानांत हिंदीतलं "भाग"च शिरलं: पळ, दुसरा आला! ती अनवाणी सुटली ती थेट मागच्या पेरूच्या झाडापर्यंत. बाबा तिला खांद्यावर घेऊन परतले, हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी जागची हलले नव्हते. मला मराठी नीट समजत होतं, त्याचं हे बक्षीस.

तेव्हापासून तो सिनेमा छोटीचा झाला. आता ती पुण्याला असते, दिवाळीत येते. मी इथे विजय नगरात, बाबांजवळ. त्यांच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, दाताच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या माझ्याकडे. भाग दुसरा तिच्याकडे. या उन्हाळ्यात एका रिकाम्या दुपारी मीच तो टीव्हीवर शोधून काढला.

"बाबा, लावू?"

"काहून? छोटी येईल ना दिवाळीत. तिच्यासोबत पाहू."

"माझ्यासोबत पाहिला तर झिजतो का तो?"

"तू घाबरत नाही ना बेटा. मजा नाही येत."

मी टीव्ही बंद केला आणि भेंडी चिरायला बसले. नुसता जळफळाट झाला. पन्नाशी उलटलेली बाई सख्ख्या बहिणीवर जळते, तेही रबराच्या राक्षसावरून. पण जळले, खोटं कशाला बोलू?

दिवाळीत छोटी आली आणि बाबांचा चेहरा उजळला. दुपारी पडदे ओढले, सिनेमा लागला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. पाण्यातून हात निघाला आणि बाबा रिवाजाप्रमाणे ओरडले, "भाग, दुसरा!" आता छोटीनं किंचाळत बाहेर पळायचं असतं. ती मोबाईलमधून मान वर करून म्हणाली, "बाबा, गुडघा दुखून राहिला हो माझा. या वेळी राहू द्या."

बाबा "अच्छा" म्हणाले. टीव्हीकडे न पाहता दाराकडेच पाहत राहिले.

मी ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि पळाले. अनवाणी, किंचाळत, फाटकातून थेट रस्त्यावर. भाजीच्या ठेल्यावर जवळजवळ आदळलेच. ठेलेवाला घाबरून म्हणाला, "क्या हुआ दीदी?" मला धापेमुळे बोलता येईना. मागून बाबांचं हसू आलं, पेरूच्या झाडाच्या दिवसाचं, ठसका लागेपर्यंतचं. ते मी कमावलं होतं. मग खिडकीतून त्यांनी हाक मारली.

"छोटी! ये बेटा, परत ये, काही नाही तिथं!"

छोटी आत त्यांच्या पायाशी बसलेली होती.

क्षणभर वाटलं, जाऊच नये परत. मग मी वळले आणि ओ दिली, "आले बाबा."