निजलेली पदवी

आमचे लाटसाहेब जन्मभर इतिहास शिकवत आले, पण ज्या माणसावर त्यांनी सगळ्यांत जास्त राग धरला, त्याचं नाव त्यांनी वर्गात कधी घेतलं नाही. सातारच्या महाराजांनी मरताना घेतलेला दत्तक नामंजूर करून ज्याने राज्य खालसा केलं, तो गव्हर्नर जनरल. धड्यात त्याचं नाव आलं की हे ‘तो’ म्हणून पुढे सरकायचे. मात्र त्या ‘तो’चं सगळं खानदान यांच्या जिभेवर. म्हणून पोरांनी यांनाच लाटसाहेब करून टाकलं होतं. मळखाऊ कोट, पायात वहाणा आणि वडूजकडच्या शेतकऱ्याची लांब ढांगांची चाल. यांच्यात लाट शोधूनही सापडला नसता.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा त्यांच्याच घरातल्या एका खोलीत राहत होतो. त्यांचा तो धडा असला की आम्ही दोघं-तिघं मास्तर उगाचच दाराशी घोटाळायचो. ‘‘हा बापाचा तिसरा मुलगा,’’ लाटसाहेब सुरू करायचे. ‘‘थोरले दोघे आधी गेले म्हणून अर्लची पदवी याच्या पदरात पडली. ती स्कॉटलंडातली, जुनी, पिढ्यानपिढ्या चालत आलेली. इकडे आपलं राज्य गिळलं, पंजाब गिळला, तेव्हा राणीने खूश होऊन वरची पदवी दिली. मार्क्विस! हा पहिला मार्क्विस. मग दुसरा कोण?’’ वर्ग दबा धरून बसलेला. ‘‘दुसरा नाहीच! का नाही?’’ एवढं म्हटलं की सगळी पोरं बाकं बडवत ओरडायची, ‘‘पोटी पुत्र नाही!’’

पुढचं ते जरा खालच्या आवाजात, चवीने सांगत. जुनी अर्लची पदवी चुलतभावाकडे गेली, त्यालाही मूल नव्हतं, मग आणखी एका भाऊबंदाकडे गेली. मार्क्विसकी मात्र त्याच्याबरोबर मातीत गेली. ‘‘ज्याने आपला दत्तक मानला नाही, त्याला स्वतःला दत्तकाची सोय नव्हती!’’ एवढं बोलून ते असे खूश व्हायचे, जणू सातारची गादी त्याच तासाला परत मिळाली.

हा राग नुसता पुस्तकी नव्हता. त्यांना मूल नव्हतं. गावी शेती बघणाऱ्या धाकट्या भावाचा, बापूंचा, शंकर नावाचा मुलगा त्यांनी लहानपणीच दत्तक घेतला होता. दत्तक हा शब्द कुणी हलक्या आवाजात उच्चारला तरी त्यांचं डोकं फिरायचं. ‘‘दत्तक म्हणजे खोटा मुलगा नव्हे,’’ ते म्हणत. ‘‘पोटचा देव देतो. हा मी हात पसरून मागितलाय.’’ शंकर पलटणीत भरती झाला त्या दिवशी त्यांनी शाळेत पेढे वाटले आणि संध्याकाळभर अंगणात एकटेच येरझाऱ्या घालत राहिले.

चीनची लढाई झाली आणि तार आली. शंकर नेफात, चीनच्या सरहद्दीवर, बेपत्ता होता.

काकूंनी, म्हणजे लाटसाहेबांच्या बायकोने, तोंडात पदर कोंबला. लाटसाहेब ओरडले, ‘‘रडायचं नाही! बेपत्ता लिहिलंय, गेला असं लिहिलेलं नाही.’’ मग माझ्याकडे वळून ते जे बोलले, ते पुढे कितीदा तरी मला ऐकावं लागलं. ‘‘इंग्रजांच्या पदव्यांत दोन शब्द असतात, बरं का. वंशच उरला नाही तर एक्स्टिंक्ट, म्हणजे संपली. पण वारस असेल, नुसता सापडत नसेल, तर डॉर्मंट. म्हणजे निजली. निजलेली पदवी कुणाला पुसता येत नाही. आमचा शंकर डॉर्मंट आहे.’’ मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

चीनच्या कैदेतले लोक सुटून आले, त्यांत शंकर नव्हता. त्याच्या तुकडीतला एकजण सांगलीजवळच्या खेड्यात घरी आल्याचं कळलं, तेव्हा लाटसाहेब मला घेऊन एस.टी.ने सांगली गाठायला निघाले. तो जवान उसाला पाणी पाजत होता. यांना पाहून बांधावर आला. ‘‘गुरुजी, पडल्यालं बघितलं,’’ तो म्हणाला. ‘‘मेल्यालं न्हाई बघितलं. मागं वळाय सवड न्हवती.’’ लाटसाहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले. ‘‘मेलेलं नाही बघितलं ना? झालं तर!’’ परतीच्या गाडीत त्यांनी मला तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. बुडणाऱ्याच्या मुठीत गवत यावं, तसं ते वाक्य त्यांनी धरलं होतं.

अशी काही वर्षं गेली. शंकरची गादी रोज घातली जायची, सकाळी गुंडाळली जायची. काकू त्यांच्यासमोर रडत नसत, मोरीत जाऊन पाणी सोडत आणि रडत. मी ते ऐकायचो आणि पुस्तकात तोंड खुपसायचो.

मग एका सकाळी बापू आले. पटका काढून मांडीवर ठेवला आणि बसले. शंकरला जन्म दिलेली माउली, बापूंची बायको, अंथरुणाला खिळली होती.

‘‘आण्णा, शंकरचं दिवस घाला,’’ बापू म्हणाले.

‘‘मेला कशावरनं म्हणतोस रं?’’ लाटसाहेब कडाडले. ‘‘बारा वर्षं वाट बघायची रीत हाय.’’

‘‘तिला बारा वरसं न्हाईत, आण्णा. चार म्हयनं बी न्हाईत. रोज सांजच्याला म्हनती, दाराला कडी लावू नगा, शंकर यील. दार सताड उघडं, ती थंडीत कुडकुडती. आण्णांनी दिवस घातलं तरच खरं मानीन म्हनती. मी घालतू म्हनलं तर भटजी म्हनत्यात, दत्तक दिल्याल्या पोरावर तुमचा हक न्हाई.’’ त्यांनी मांडीवरचा पटका मुठीत धरला. ‘‘दिला तवा एक शबूद बोललो न्हाई. आता मेल्याला तरी माघारी द्या.’’

लाटसाहेब नुसते मान हलवत राहिले. नाही, नाही, नाही. तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

‘‘आवं, घाला दिवस! मला बी रडायचंय.’’

त्या रविवारी गावच्या ओढ्याकाठी, देह नव्हता म्हणून, पळसाच्या पानांचा पुतळा केला. भटजींनी गोत्र विचारलं, नाव विचारलं. ‘शंकर’ एवढंच सांगायला लाटसाहेबांना किती वेळ लागला! अग्नी देताना बापूंनी खालून त्यांच्या मनगटाला आधार दिला. दोघा बापांनी मिळून ते केलं. संध्याकाळी बापूंच्या घराची कडी लागली. आतून दोन्ही जावांच्या रडण्याचा आवाज येत होता.

त्याच वर्षी धड्याचा दिवस आला. पोरं नवी होती, पण वरच्या वर्गातल्यांनी त्यांना सगळं शिकवून ठेवलेलं. लाटसाहेबांनी पुस्तक उघडलं, अर्लपर्यंत आले, मार्क्विसपर्यंत आले आणि थांबले. प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. पोरांना दम कुठला! बाकं बडवत सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘‘पोटी पुत्र नाही!’’

मी दारात होतो. आत धावावं आणि त्या पोरांची तोंडं दाबावीत असं वाटलं. लाटसाहेबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

‘‘बरोबर,’’ ते म्हणाले. ‘‘दोन मुली होत्या त्याला. ते मी कधी सांगितलं नाही.’’

मग ते फळ्याकडे वळले आणि जे नाव जन्मात उच्चारलं नव्हतं, ते त्यांनी पदवीसकट, पूर्ण, ठळक अक्षरांत लिहिलं.

‘‘लिहून घ्या,’’ ते म्हणाले. ‘‘नाव तरी राहू द्या पोराचं.’’

‘पोराचं’ या शब्दात पोरांना काही चुकलं असं वाटलं नाही. ती खाली माना घालून लिहू लागली.