हात लावून लिहिलेली यादी

माझे बाबा माळव्यातल्या एका कापड गिरणीत जॉबर होते. कापड विणायच्या मागाला तिथे साचा म्हणत, आणि आपल्या ओळीतले साचे नीट चालतात की नाही हे जॉबरने बघायचं. कुठला साचा बिघडणार आहे ते बाबा नुसत्या आवाजावरून सांगतात, असं त्यांचे सोबती म्हणायचे. तो आवाज मी कधी ऐकला नाही. बंद गिरणीच्या साचेखात्यात मी एकदाच गेले, आणि त्या दिवशी जे बघितलं त्याचं नवल मला अजून वाटतं.

'बंद' हा शब्द आमच्या घरात चालत नसे. "बंद नाही, रुकलेली आहे," बाबा म्हणायचे. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते फाटकावर जात. तिथे तंबू ठोकून दोनेकशे कामगार धरना देऊन बसले होते. मागणी एकच: साचे शाबूत आहेत, गिरणी चालू करा. हे आधी काही महिने चाललं, मग वर्षं झाली.

मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते. नव्या आर्थिक धोरणावर आमचे सर रोज बोलत आणि मी ते सगळं जेवताना बाबांना ऐकवायचे. "बाबा, दुनिया बदलली आहे. आता ती गिरणी कोणी चालवणार नाही. समझा ना." वर्तमानपत्रातली कात्रणं कापून त्यांच्या चष्म्याखाली ठेवायचे. बाबा कात्रण बाजूला सरकवून चष्मा उचलत. ज्या दिवशी मी जास्त वाद घालायचे, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते दहा मिनिटं लवकर निघत. आई म्हणायची, "तू बोलतेस म्हणून ते आणखी घट्ट होतात, गं." मला ते पटत नसे. खरं आहे ते सांगायला नको का?

छत्रीबाग मोहल्ल्यात आमच्या शेजारी एक काका राहत. बाबांच्याच पाळीत, बाबांच्याच ओळीला. दोघं एका सायकलवर कामाला जायचे. धरन्याच्या दुसऱ्या वर्षी काकांनी तंबू सोडला आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी धरली. तंबूने ठरवलं की हा गद्दार, याच्याशी कोणी बोलायचं नाही. काकांच्या मुलीचं लग्न आलं तेव्हा कोणी जायचं नाही असंही ठरलं. त्यासाठी पहिला हात बाबांनी वर केला होता, हे मला नंतर कळलं. लग्नाच्या दिवशी बाबा दार लावून घरात बसले. आई मागच्या दाराने जाऊन पोरीला हळद लावून आली.

मग एका हिवाळ्यात सरकारी कचेरीतून परवानगी आली. पाच कामगारांनी आत जावं, यंत्रांची हालत बघावी आणि लिहून द्यावी. तंबूत जिलेबी वाटली गेली. इतकी वर्षं हे लोक हेच मागत होते. एकदा यादी हातात आली की साचे चालू हालतीत आहेत हे कोणालाच नाकारता येणार नव्हतं. त्या पाचांत बाबा होते, आणि यादी स्वच्छ अक्षरात हवी होती. बाबा मला म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. तू चल."

चौकीदाराने फाटकाचा छोटा दरवाजा उघडला. आम्ही सहा जण आत गेलो.

इतकी मोठी खोली मी आयुष्यात पाहिली नव्हती. खोली म्हणायचं म्हणून म्हणते. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक धूसर दिसत होतं. छताचे पत्रे जागोजागी फुटले होते आणि त्या भोकांतून उन्हाचे खांब खाली उतरले होते. त्या उजेडात साच्यांच्या ओळी, एकामागे एक, शेकड्यांनी. कित्येकांवर अर्धवट विणलेलं कापड तसंच ताणलेलं होतं, शेवटच्या पाळीत जिथे थांबलं तिथे. वर कबुतरं घुमत होती. माझे बाबा एवढ्या अफाट ठिकाणी रोज कामाला येत होते, आणि मी त्यांना जगाबद्दल शिकवत होते.

बाबा गळा साफ करून म्हणाले, "लिही. पहिला साचा. चालू हालत."

मी लिहिलं.

"दुसरा साचा. चालू हालत."

ते साच्यापासून दोन हात लांब उभे होते. सहावा झाला, सातवा झाला. आमच्याबरोबर एक म्हातारे फिटर होते, माळव्यातल्याच एका खेड्यातले. ते हळूच म्हणाले, "मास्टर, दूर से मत लिखवाओ. हाथ लगा के लिखवाओ."

बाबा पुढच्या साच्याच्या अगदी जवळ गेले. मग त्यांनी पिशवीतून तेलाची कुपी काढली. ती ते घरून घेऊन आले होते. आठव्या साच्याच्या सांध्यांत तेल सोडलं, जरा थांबले आणि हातचाकाला जोर दिला. चाक हललं नाही. पुन्हा दिला. फिटरबाबा पुढे झाले. मग तिसऱ्याने हात लावला. तिघांनी मिळून जोर केला तेव्हा कट्ट असा आवाज झाला आणि मला वाटलं, फिरलं! पण आतल्या दातेरी चक्राचा एक दात मोडून फरशीवर पडला होता.

बाबांनी तो उचलला, उलटा करून बघितला आणि साच्यावर ठेवला.

"पहिल्यापासून काट," ते मला म्हणाले.

आम्ही परत पहिल्या साच्याशी गेलो. आता बाबा प्रत्येकाला हात लावत होते. तेल, मग चाक, मग खाली वाकून गंज बघणं. "जाम. लिही." "याचाही दात गेला. लिही." एक साचा अर्धा फेरा फिरला आणि अडकला. "अर्धा फिरतो, असं लिही. जितकं आहे तितकंच." खोटं लिहवून घेतलं असतं तर तिथे कोण पकडणार होतं? त्या साच्यांतलं कळणारी माणसं हीच पाच होती. कोणी कोणाला समजावलं नाही. बाकीचे चौघे बाबांच्या मागून एकेका साच्याला हात लावत येत होते. मी इतकी वर्षं जे ओरडून सांगत होते तेच आता बाबा मला सांगत होते, आणि मी ते खाली मान घालून लिहून घेत होते. मी बरोबर होते, हा विचार एकदाही मनात आला नाही. मला माझ्या बाबांची जवळजवळ भीती वाटत होती, देवळात वाटते तशी.

दुपारी पहिल्या काही ओळी लिहून बाहेर आलो तर फाटकापाशी हार घेऊन लोक उभे. "क्या निकला मास्टर?"

बाबांनी कागद उघडला, मग मिटला. म्हणाले, "मैं बोलूँगा तो तुम मानोगे नहीं, भिया. मैं होता तो मैं भी नहीं मानता. अंदर जाके देख लो."

चौकीदार म्हणाला, हुकूम पाचच माणसांचा आहे. फिटरबाबा त्याच्याजवळ गेले. "दस-दस जाएँगे. हाथ लगाएँगे और आ जाएँगे." चौकीदाराने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला सरकला.

दहा-दहा करून दोनशे माणसं आत जाऊन आली. प्रत्येक जण सरळ आपापल्या साच्याकडे जात होता, असं चौकीदाराने नंतर सांगितलं. पहिले दहा बाहेर आले तेव्हा रांगेतल्यांनी त्यांना विचारलं, "कैसा है?" दुसरे दहा आले तेव्हा कोणी विचारलं नाही. घोषणा केव्हा थांबल्या ते मला सांगता येणार नाही. गंजाने काळेतांबडे झालेले हात पुढे करून माणसं उभी राहत आणि कोणीतरी माठातलं पाणी त्यांच्या हातांवर ओतत होतं. भाषण झालं नाही, हात वर करून मतं घेतली नाहीत. ऊन उतरल्यावर एकाने तंबूची एक दोरी सोडली. त्याला कोणी अडवलं नाही. मग दुसऱ्याने दुसरी सोडली.

परतताना बाबा आमच्या दाराशी थांबले नाहीत. शेजारच्या दाराची कडी त्यांनी वाजवली. काका बनियनवर बाहेर आले. दोन वर्षांत ते दोघं समोरासमोर उभे राहिले नव्हते.

बाबा म्हणाले, "तुझ्या पोरीच्या लग्नाला मी आलो नाही."

"माहीत आहे."

"दुसऱ्यांनाही येऊ दिलं नाही."

"तेही माहीत आहे."

"चूक झाली."

काकांनी त्यांच्या हातांकडे बघितलं. "आत गेला होतास?"

"हो. सगळे जाम आहेत."

"मी बघितले होते. सोडायच्या आधी, पावसाळ्यात, मागच्या भिंतीवर चढून. पाणी भरलं होतं साच्यांत."

"मग मला सांगितलं का नाहीस?" बाबांचा आवाज चढला.

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "तुलाच सांगितलं होतं. याच ओट्यावर बसून."

बाबा खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांच्या कपाळावरून मला ते दिसत होतं. मग ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मला आठवत नाही, यार. अजिबात आठवत नाही." काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काकू पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या आणि बाबांच्या काळ्या हातांकडे बघून आधी पाणी आणायला आत गेल्या.

पुढे साचे भंगारात जायचं ठरलं तेव्हा कामगारांनी एकच गोष्ट मागितली: ते घणाने फोडू नका, आम्ही सुटे करून देतो. आठवडाभर माणसं आपले पाने घेऊन येत होती. एके दिवशी मी बाबांचा डबा घेऊन साचेखात्याच्या दारापर्यंत गेले तेव्हा काका कारखान्यातून सुट्टी काढून तिथे आले होते. ते दारातच अडखळले. आतल्या लोकांनी हात थांबवले. ज्यांनी त्यांना गद्दार म्हटलं होतं त्यांतले बरेचसे तिथेच होते. मग बाबांच्या ओळीतला एक जण थोडा सरकला, आपल्या शेजारी जागा केली आणि काकांच्या पुढे पाना धरला. काका बाह्या वर करत आत गेले.