अकरावा पत्ता

सेवकराम मारबते तिरोड्याच्या वीज प्रकल्पात एका ठेकेदाराकडे होता. शिडीवरून पडला, कंबर मोडून घेतली आणि गावी खाटेला खिळला. बायको अन्नपूर्णा धानाच्या रोवणीला जायची, हा छपराची कवेलू मोजायचा. कवेलू मोजून संपली तेव्हा मोबाइलवर मनातला पत्ता ओळखायची जादू शिकला.

हातचलाखी त्यात नावालाही नव्हती. एकवीस पत्ते उघडे, एकेक करत तीन ओळींत मांडायचे. समोरच्यानं एक मनात धरायचा आणि तो कोणत्या ओळीत आहे एवढंच सांगायचं. गोळा करताना ती ओळ बाकी दोन ओळींच्या मध्ये ठेवायची. असं तीनदा केलं की वरून अकरावा पत्ता तोच निघतो. असं का होतं, हे सेवकरामनं पडल्या पडल्या चिंचोके मांडून शोधलं. पहिल्यांदा सात उरतात, मग दोन-तीन, मग एकच. माणूस आपलं मन तीनदा बोटानं दाखवतो आणि पत्ते तेच उचलून त्याच्या हातात देतात.

हे त्यानं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण खाटेवरच्या माणसाला कोण विचारतं? आता लोक विचारायला लागले होते, बसायला लागले होते, आणि ते त्याला गोड लागलं. तो डोळे मिटून म्हणायचा, पत्ता तुम्ही नाही निवडत, पत्ताच तुमाले निवडते. ही थाप त्याला पुढे फार महागात पडली.

शेजारच्या रचनाचा सोन्याचा डूल हरवला, तेव्हा तिनं एकेका पत्त्याला घरातली एकेक जागा दिली आणि तीनदा ओळ दाखवली. अकरावा पत्ता निघाला पिठाच्या डब्याचा, आणि डूल डब्यातच होता. सकाळी पीठ तिनंच मळलं होतं. संशय आधीच तिच्या मनात होता, पण गावाला हे कोण सांगणार? सेवकराम तर नुसता हसला.

गाव मासेमार ढिवरांचं, जुन्या मालगुजारी तलावावर, म्हणजे मामा तलावावर जगणारं. मच्छीमार संस्थेत एकवीस घरं. मासळी काढली की बांधावर एकवीस सारखे ढीग घालायचे. प्रत्येक घराची एक खूण ठरलेली. सेवकरामची चिनीमातीच्या फ्यूजची खापरी, नंदाबाईचं तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या जाळ्याचं शिसं. एकानं पाठमोरं बसून खुणा मागं टाकायच्या. ज्या ढिगावर जी खूण पडली तो त्या घराचा, आणि पडलेल्या खुणेवर बोलायचं नाही. आजे-पणज्यांपासून कुणी बोललं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तलाव पांढरा दिसला. सगळी मासळी पोट वर करून तरंगत होती. कुणीतरी धानावर मारायचं औषध पाण्यात ओतलं होतं. पंचनामा झाला, पाण्याच्या बाटल्या भरून तपासायला गेल्या, त्यांचं पुढे काहीच कळलं नाही. गावात मात्र कुणी कुणाच्या घरचं पाणी पिईना.

चौथ्या दिवशी दुपारी संस्थेचा अध्यक्ष दुर्गाप्रसाद यानं सगळ्यांना बांधावर बोलावलं. एकट्या बाईला पूर्ण वाटा कशाला, म्हणून तो नंदाबाईशी वर्षानुवर्षं भांडत होता. त्यानं एकवीस पत्ते आणले होते आणि प्रत्येकावर एका घराचं नाव चिकटवलं होतं. ज्याचं नाव निघेल त्यानंच औषध ओतलं असं धरायचं, त्याची खूण तलावात टाकायची आणि वाटा कायमचा बंद, असं ठरलं. पडलेल्या खुणेसारखंच हे, असं सगळ्यांना वाटलं. चुकले ते तिथंच. खूण टाकणारा पाठमोरा असतो. इथं दुर्गाप्रसाद नावं बघून ओळ दाखवणार होता.

काठीच्या आधारानं नुकताच चालायला लागलेला सेवकराम घाबरला. हे निव्वळ गणित आहे, यानं चोर सापडत नाही, असं तो काकुळतीनं सांगू लागला.

"मंग रचनाचा डूल कसा सापडला?" दुर्गाप्रसादनं शांतपणे विचारलं. "का तुलेच कोणाले वाचवाचं हाय?"

लोक वळून सेवकरामकडे बघायला लागले. त्यानं पत्ते घेतले.

दोनदा ओळ दाखवून झाली. तिसऱ्यांदा मांडताना उरलेली तीन नावं सेवकरामला दिसली. नंदाबाई, रामलाल आणि तो स्वतः. तिन्ही आपापल्या ओळीत चौथ्या जागी. जी ओळ मध्ये जाईल तिचं नाव अकरावं. दुर्गाप्रसादनं नंदाबाईच्या ओळीवर बोट ठेवलं.

ती म्हातारी तिकडे बांधाच्या कडेला बसली होती. वाटा गेला तर तिच्या चुलीवर ठेवायला काहीच नव्हतं. रामलालचं नावही बिचाऱ्याचं फुकट तिथं आलं होतं. सेवकरामनं अन्नपूर्णेकडे एकदा पाहिलं, पत्ते गोळा केले आणि आपली ओळ मध्ये ठेवली.

अकरावा पत्ता उलटला. सेवकराम मारबते.

दुर्गाप्रसाद पत्त्याकडे वाकला. मी हे नाव धरलंच नव्हतं, असं तो म्हणाला असता, तर कोणतं धरलं होतं ते सांगावं लागलं असतं. त्यानं फ्यूजची खापरी उचलली आणि तलावात फेकली. अन्नपूर्णा घराकडे चालू लागली.

नंदाबाई काठी टेकत सेवकरामजवळ आली. तिचे डोळे भरले होते. "सेवकू, तुले मी नागडा होता तवापासून पाहून राहिली," ती म्हणाली. "आमच्या तोंडचा घास कायले काढला रे?"

खरं सांगितलं असतं तर तिचं नाव पुन्हा वर आलं असतं. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि लोकांनी ती कबुलीच धरली.

नवं बीज सोडून वाढवलेल्या पुढच्या मासळीला बांधावर वीस ढीग पडले. त्या दिवशी सेवकराम काठी टेकत दुर्गाप्रसादच्या घरावरून चालला होता. पडवीत तीच जादू दाखवणारा मोबाइल उभा करून ठेवलेला, आणि दुर्गाप्रसाद नावं चिकटवलेले तेच पत्ते एकटाच मांडत होता. सात-सात, तीन ओळी. त्यानं वर पाहिलं, सेवकराम दिसला आणि तो हसला. मग सावकाश पत्ते गोळा केले. या वेळी हवी ती, नंदाबाईच्या नावाची ओळ त्यानं बरोबर मध्ये ठेवली होती.