काकूचे दगड आणि आईचे हात

काकूला आमच्या घरात सगळे भिंगरी म्हणायचे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आजोबांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आमचं आणि काकाचं घर एकाच मजल्यावर समोरासमोर, दारं दिवसभर उघडी. त्यामुळे काकू दिवसातून वीस वेळा तरी आमच्या स्वयंपाकघरातून जायची. एखादं झाकण उघडून वास घ्यायची, खिडकी लावायची, पुन्हा उघडायची आणि निघायची. बस म्हटलं की म्हणायची, "बसून काय अंडी उबवायची आहेत?"

कामांचंही तसंच. शिवणक्लास, पाळणाघर, केक, टायपिंग, सगळ्याला चार-सहा महिने, मग सामान माळ्यावर. काका म्हणायचा, माळ्यावर चढलं की बायकोचं आत्मचरित्र वाचायला मिळतं.

काका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. एकदा त्याने एक मोडकी फ्रेम घरी आणली, शिंगाची वाटावी अशी, तपकिरी-पिवळी. काकूला ती शिंगाचीच वाटली. प्लॅस्टिक आहे, असं काकाने सांगितल्यावर ती दोन दिवस फ्रेम हातात घेऊन हिंडली. प्लॅस्टिकचं शिंग होतं, तर दगड का नाही होणार, हे तिच्या डोक्यातून जाईना. महिनाभरात तिच्या मागच्या खोलीत रेझिनच्या बाटल्या, सिलिकॉनचे साचे, रंगांच्या पुड्या आणि एक छोटा वजनकाटा येऊन बसला.

रेझिनचं काम सांगायला सोपं. दोन चिकट द्रव मोजून एकत्र करायचे, बुडबुडे न येऊ देता हळूहळू ढवळायचे, रंग घालून साच्यात ओतायचे आणि कडक होईपर्यंत दिवसभर हात लावायचा नाही. ते ऐकूनच आईला हसू आवरेना. दिवसभर हात न लावणं आणि भिंगरी! पहिल्या खेपेच्या प्रत्येक मण्यावर काकूच्या बोटाचा ठसा होता.

पण तिची चुळबुळच कामाला आली. मॅलाकाइट नावाचा एक हिरवा दगड असतो, गडद आणि फिक्या पट्ट्यांचा. त्याची नक्कल करणारे बहुतेक लोक हिरव्याचे थर एकावर एक ओतून मोकळे होतात. काकूला राहवायचं नाही. थर मधासारखा दाटला की ती सुई घेऊन त्यात शिरायची. पट्टे वाकायचे, एकमेकांना रेटायचे, कुठेतरी डोळ्यासारखं गोल उमटायचं. दागिन्यांच्या दुकानातल्या बाईंनी तिचे कानातले तळहातावर ठेवले तेव्हा वजन हलकं लागेपर्यंत त्यांना काही कळलं नाही. कार्डावर "रेझिन" असं स्पष्ट लिहायचं, एवढी एकच अट काकूने घातली. त्यांनी मानली आणि पुढची सहा वर्षं काकूने दुसऱ्या कशातही डोकं घातलं नाही. माळ्यावर नवं काही चढलं नाही.

हातमोजे मात्र ती घालायची नाही. त्यातून रेझिन किती दाटलं ते बोटांना समजत नाही, असं तिचं म्हणणं.

एके दिवशी ती घरात काळा चष्मा लावून फिरताना दिसली. काकाच्या दुकानातला नमुना आहे, म्हणाली. आईने सरळ पुढे होऊन तो काढला. पापण्या सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेल्या. हे दीड महिना चाललं होतं आणि ती लपवत होती.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली. ओल्या रेझिनशी शरीराने आता वैर धरलंय आणि ते जन्माचं आहे, असं त्यांनी सांगितलं. पुरता कडक झालेला दागिना घातला तर चालेल, पण ओतताना किंवा घासताना त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही सगळ्यांनी सोसले. काकूने आमची कपाटं लावली, मग पुन्हा वेगळी लावली. पंखे पुसले. रात्री धुतलेली बादली सकाळी परत धुतली. जिन्यावरून खाली जायची आणि कशाला आले ते न आठवून वर यायची. काका कामावर लवकर जायला लागला. मागच्या खोलीचं दार बंद होतं आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागातल्या काचेवर तिच्या नाकाचा डाग पडलेला असायचा. आत दुकानाच्या बाईंचं काम अडलं होतं. चाळीस जोड, सगळे हिरवे.

शेवटी आईच म्हणाली, "मी करते. तू बाहेरून सांग."

आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काठ दुमडत आलेली. घाई तिला माहीतच नव्हती. हातमोजे, मुखपट्टी, डोक्याला रुमाल असा सगळा बंदोबस्त करून ती आत गेली. काकू दाराबाहेर काचेला चिकटून, कानाला फोन. आतला फोन स्पीकरवर. "आता सुई घ्या. घ्या ना. ताई, गेलं बघा, गेलं!" आई ढवळत राहिली.

दुसऱ्या दिवशी साच्यातून निघालेले पट्टे वहीवर आखल्यासारखे सरळ होते.

"ताई, हा दगड नाही," काकू म्हणाली. "हे पायजम्याचं कापड आहे."

आईने हातमोजे काढून शांतपणे बाजूला ठेवले. "तुला माझे हात नकोत. तुला तुझेच हात हवेत, फक्त माझ्या मनगटाला लावलेले. ते जमायचं नाही." आणि ती घरी येऊन भांडी घासायला लागली. आमचं दार त्या दिवशी पहिल्यांदा बंद राहिलं.

दोन दिवस ते तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी काकू आली आणि आमच्या जेवणाच्या टेबलाशी चक्क बसली. सोबत मुलांच्या खेळण्यातली माती होती, दोन हिरव्या रंगांची. माफी वगैरे ती मागत नाही. तिने मातीचे थर रचले, आईच्या हातात सुई दिली आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. सुई दोघींनी मिळून ओढली. पाच-सहा वेळा झाल्यावर आईने तिचा हात बाजूला सारला आणि एकटीने ओढून पाहिली. काकूचा पाय टेबलाखाली हलत होता, पण तोंडातून शब्द नाही. मी घड्याळ बघितलं. चाळीस मिनिटं.

पुढच्या खेपेला आत जाताना आईने आपला फोन काकूच्याच हातात ठेवला. काकू काचेपाशी उभी राहून बोलत राहिली, पण आवाज आत पोचत नव्हता. आई कधी सुई लावणार, हे आता आईनेच ठरवायचं होतं. ती थांबली. इतकी थांबली की काकूला बघवेना, ती जिन्यात जाऊन बसली. मग आईने सुई लावली, एकदाच, लांब आणि सावकाश.

चाळीसपैकी एकतीस जोड बाईंनी घेतले. पट्टे रुंद झालेत, वळणं कमी झाली आहेत, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. हात बदललाय का, असं त्यांनी विचारलं.

"माझ्या जाऊबाईंचे आहेत," काकू म्हणाली. "माझे आता होणार नाहीत."

हे शेवटचं वाक्य ती तोवर घरात कोणापाशी बोलली नव्हती. मी तिच्यासोबत दुकानात गेलो होतो; परतताना रस्त्यात ती माझ्या पुढे दहा पावलं चालत होती. वळणावर थांबली, म्हणाली, "मला वाटलं होतं, एकदा आपलं काम सापडलं की माणूस ठिकाणावर येतं." आणि उत्तराची वाट न पाहता पुढे चालू लागली.

आता दोन वर्षं झाली. खोलीत आई असते, एक्झॉस्ट पंखा लावलाय. काकू दागिन्यांची पेटी घेऊन गावोगावच्या दुकानांत जाते आणि येताना खरे दगड उचलून आणते, कुठल्या नदीतले, कुठल्या खाणीजवळचे. आईला दाखवते. दोघींचं पटतं असं नाही. परवा खणलेल्या रस्त्यावरून तिने एक करडा तुकडा आणला, पांढऱ्या शिरांचा. नळाखाली भिजवून आईपुढे धरला.

"असं करता येईल?"

आईने तो खिडकीशी नेला, उलटसुलट फिरवला, पुन्हा ओला केला. बराच वेळ गेला. "बघू," ती म्हणाली आणि मागे वळली, तर काकू केव्हाच जिना उतरून गेली होती.